वरून दिलेला खो

शाळेतल्या जुन्या मुलींचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. मला त्यात कुणी घातलं, देव जाणे. सकाळी फुलं, दुपारी देवांचे फोटो, रात्री चंद्र. मी सहसा उघडत नाही. मागच्या महिन्यात तिथं कुणीतरी आमच्या खो-खो संघाचा फोटो टाकला. आम्ही नऊ जणी, मध्ये जिंकलेली ढाल, मागं धारूरच्या किल्ल्याची भिंत. खाली आमच्या तेव्हाच्या कर्णधार बाईंनी लिहिलं होतं, "काय दिवस होते गं! तेव्हा जात-पात कुणाला कळत होती?" त्यावर सगळ्या जणींनी लाल बदाम पाठवले.

मला कळत होती. माझ्या पाठीला तर फारच चांगली कळत होती. मी उत्तर लिहायला घेतलं, चार ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या. अंगठ्यानं भांडता येत नाही मला. म्हणून इथं लिहिते.

आमचं गाव धारूरच्या खाली, बालाघाटाच्या उतरणीला. गावात सगळं सहकारी होतं. सोसायटी सहकारी, दूध डेअरी सहकारी, अर्धं गाव साखर कारखान्याचं सभासद. सोसायटीच्या भिंतीवर सहकाराबद्दल हातभर मोठ्या अक्षरांत काहीतरी रंगवलेलं होतं आणि दर दिवाळीला ते नव्यानं रंगवलं जायचं. आमची मातंगवस्ती ओढ्यापलीकडं. गाव तिला मांगवाडाच म्हणायचं. त्या सहकारात आमचा वाटा एवढाच, की दसरा झाला की वस्ती कोयते घेऊन कारखान्याच्या फडावर ऊस तोडायला जायची.

मी नववीत होते. त्या वर्षी आई-दादांनी मलाही न्यायचं ठरवलं होतं. भाकरी थापायला, धाकट्याला सांभाळायला आणि हाताला बळ आलं होतं म्हणून मोळ्या वाहायला. दादा म्हणजे माझे वडील. तेवढ्यात आमचे खेळाचे सर एक दिवस वस्तीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, दादांनाच बाहेर बोलावलं. "पोरगी लई पळती. संघात घेतो. जिल्ह्यापर्यंत खेळली तर शाळेचं नाव हुईल. ह्या साली हिला नेऊ नका." दादांनी मान डोलावली. खेळत असेन तोवर मी गावात चुलतीकडं राहायचं, असं ठरलं. खेळ सुटला की कोयता. माझ्यासाठी खो-खो म्हणजे एवढी साधी गोष्ट होती.

ज्यांनी खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन खुंटांच्या मध्ये आठ जणी एका ओळीत आपापल्या चौकोनात बसतात, एकआड एक उलट्या बाजूला तोंड करून. नववी समोरच्या संघाच्या पळतीच्या मागं धावते. धावणारीला वळून ओळ ओलांडता येत नाही. पळती पलीकडं गेली की धावणारीनं बसलेल्या एखादीच्या पाठीवर मागून हात मारायचा आणि त्याच क्षणी "खो" म्हणायचं. बसलेली उठून धावते, धावणारी तिच्या जागी बसते. हात आणि शब्द दोन्ही पाहिजेत. नुसता शब्द चालत नाही. पंच शिट्टी मारतो, फाऊल देतो, धावणारीला मागं फिरावं लागतं आणि पळती सुटते.

पहिल्या दिवशी मी चौकोनात बसले, पाठ ताणून. कर्णधार माझ्यामागून आली. ती सोसायटीच्या चेअरमनची मुलगी, माझ्याच वर्गात होती. "खो!" मी उठले, धावले, पळतीला खुंटाजवळ गाठलं. सर टाळी वाजवून म्हणाले, शाबास. दुसऱ्यांदा खो मिळाला तेव्हा काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा मी मान वळवून पाहिलं. तिचा हात माझ्या पाठीच्या वर वीतभर येऊन थांबला होता. पंजा उघडा होता, बोटं ताठ होती.

मग मी इतर पोरींचे हात पाहिले. सगळ्यांचे हात तिथंच थांबत होते. कुणी ठरवून दिलं होतं की आपोआप ठरलं, मला आजही सांगता येणार नाही. माझ्या चौकोनात बसायला मात्र कुणाची ना नव्हती. माती बाटत नाही, म्हणे.

सराव संपल्यावर मी कर्णधारीला विचारलं, "हात कावून लावत न्हाईस?"

ती चिडली नाही. अगदी समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, "तुला शिवलं की आज्जी अंगावर पाणी घेतल्याबिगर घरात येऊ देत न्हाई. आन् पाणी कुठंय? टँकर दोन दिसाआड येतोय. तूच सांग, मी रोज आंघूळ करू का?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. एकजण म्हणाली, "पाऊस पडला की देऊ की हात. आता दुष्काळ हाय म्हणून."

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. विहिरी तळाला गेल्या होत्या, ढोरं चारा-छावणीत होती, डेअरीचे कॅन अर्धे रिकामे परत येत होते. हे सगळं मला दिसत होतंच. पण माझ्या पाठीवर हात न ठेवण्याचा दोषही पावसावर टाकता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. जणू सुकाळात त्या मला मिठ्या मारत होत्या! संताप संताप झाला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना ते खरंच अडचणीचं वाटत होतं. त्या मला वाईट वागवतायत असं त्यांच्या मनातही नव्हतं.

मी सरांकडं गेले. सर कमरेत वाकून मैदानावर चुन्याची फक्की टाकत होते. मान वर न करता म्हणाले, "तुला खेळायचंय का भांडायचंय?"

"पण सर, फाऊल होतो."

"इथं पंच मीच हाय. मी देतो का फाऊल? आवाज ऐकून उठायचं. आन् तू बी त्यांना वरूनच दे. उगं गावात बोभाटा नको."

घरी आईला सांगितलं. आई त्या वेळी विहिरीवरून आली होती. टँकर विहिरीत पाणी सोडायचा आणि गावातल्या बाया ते शेंदायच्या. आमच्या बायांनी कठड्याला हात लावायचा नाही. खाली घागरी मांडून बसायचं आणि एखादीला दया आली की तिनं वरून ओतायचं. निम्मं पाणी घागरीत, निम्मं मातीत. आई घागर उतरवत म्हणाली, "पाणी बी वरूनच घेतो की आपण. खो बी घे वरून. हात टेकला काय न् न टेकला काय, तुला फडात यायचंय का?"

नव्हतं यायचं. म्हणून मी आवाजावर उठायला शिकले. इतकी चांगली शिकले की "ख" ऐकला की माझे पाय सुटायचे. सर माझं उदाहरण द्यायचे. बघा, कशी उठती! मी दात-ओठ खात उठायचे आणि त्या रागावर धावायचे. पळती माझ्यापुढं टिकायची नाही. मीही त्यांच्या पाठीवर हात टेकवत नव्हते. वीतभर वर थांबवायचे, अगदी त्यांच्यासारखाच.

संघात एकजण होती, माझ्या शेजारच्या चौकोनात बसणारी. तिचं घर धनगरगल्लीत होतं आणि शेळ्या चारायला ती सुट्टीच्या दिवशी डोंगराला यायची. मी सरपणाला जायचे. तिथं आमची दोस्ती होती. दुष्काळातही डोंगरातली सीताफळं पिकली होती, लिंबाएवढीच, पण गोड. एक फळ फोडून आम्ही दोघी खायचो. माझ्या हातातलं अर्धं ती घ्यायची. एकदा माझ्या पायात काटा मोडला तर तिनं माझा पाय मांडीवर घेऊन काढला. आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर तिचा हात माझ्या पाठीवर वीतभर वर थांबला.

डोंगरात मी तिला विचारलं, "इथं शिवतीस, तिथं कावून न्हाई?"

"तिथं सगळ्या बघत्यात," ती म्हणाली आणि शेळ्यांना हाकायला उठली. मला चेअरमनच्या पोरीपेक्षा तिचाच राग जास्त यायचा. ती तर माझ्या हातातलं खाऊन बसली होती.

सामने धारूरला होते. साखर कारखान्यानं भरवलेले. कारखान्यानं आम्हाला पांढरे टी-शर्ट दिले होते, पाठीवर कारखान्याचं नाव. डेअरीच्या टेम्पोतून आम्ही गेलो, बरोबर दुधाच्या एका मोठ्या कॅनमध्ये प्यायचं पाणी. त्या दिवसांत धारूरलाही पाणी मागायची सोय नव्हती. कॅनजवळ एक मग होता. मला प्यायचं असलं की मी ओंजळ पुढं करायची आणि कुणीतरी वरून ओतायची.

पंच बाहेरगावचा होता, काळा चष्मा लावलेला, खडूस माणूस. पहिलाच डाव आमच्या पाठलागाचा. कर्णधार माझ्यामागं आली, "खो!" मी उठले आणि शिट्टी वाजली.

"फाऊल. हात लागला नाही."

ती परत फिरली. पळती केव्हाच पलीकडं निघून गेली होती. पुढच्या वेळी शेजारचीनं खो दिला. परत शिट्टी. तिसरीनं दिला. शिट्टी. प्रेक्षक हसायला लागले. मग पोरींनी मला खो देणंच बंद केलं. माझ्या चौकोनाला टाळून पुढच्या चौकोनाला जायच्या. हे पलीकडच्या संघाच्या लगेच ध्यानात आलं. त्यांच्या पोरी माझ्या पाठीशी येऊन आरामात वळायला लागल्या. आमच्या ओळीत एक भोक पडलं होतं आणि ते भोक म्हणजे मी होते.

एकदा मला धावण्याची पाळी आली, तीही पळतींची नवी तुकडी उतरली तेव्हा सरांनी मला उभं केलं म्हणून. मी पळतीला रेटत नेलं, कर्णधारीच्या पाठीशी आले, "खो" म्हणाले आणि शिट्टी वाजली. माझाही हात वर थांबला होता. कुणी अडवलं नव्हतं, समोर कुणाची आज्जी नव्हती. माझा स्वतःचा हात, आणि तो आपोआप वीतभर वर थांबला. त्या सबंध दिवसात मला सगळ्यात जास्त चीड आली ती तेव्हा. ह्यांनी माझ्या हातालाही लावली होती सवय!

मधल्या वेळेत सरांनी सगळ्यांना गोळा केलं. चेहरा लालभडक झाला होता. "अगं, हात लावा की हिला! इथं कोण बघतंय गावातलं?"

पोरींनी एकमेकींकडं पाहिलं. कर्णधारीला ती ढाल हवी होती. तिच्याइतकी ती कुणालाच हवी नव्हती, हे मी मान्य करते. ती म्हणाली, "लावा. नंतर घेऊ अंगावर पाणी."

आणि लावले त्यांनी हात. पुढच्या डावात माझ्या पाठीवर हात पडत राहिले, घामेजलेले, घाईचे. प्रत्येक वेळी मी दचकायचे. पाठीला सवयच नव्हती. पण धावले. कारखान्याचं नाव पाठीवर घेऊन मी एकीला खुंटावर झेप घालून बाद केलं, एकीला कोपऱ्यात, एकीला आमच्याच कर्णधारीच्या पायाशी. आम्ही जिंकलो. फोटो काढला. तोच तो फोटो, बदामवाला.

परतीच्या वाटेवर पोरी गाणी म्हणत होत्या. मीही म्हणत होते, खोटं का बोलू. मला वाटलं होतं, झालं, हात लागला, आता काही उरलं नाही. गाव दिसायला लागलं तशी कर्णधार म्हणाली, "सर, टेम्पो थांबवा. अंगावर पाणी घ्यायचंय."

टेम्पो बाभळीखाली थांबला. डेअरीच्या ड्रायव्हरनं कॅन खाली उतरवला. त्यात निम्मं पाणी होतं. आठ जणी रांगेत उभ्या राहिल्या, देवळातल्यासारख्या. मी टेम्पोच्या सावलीत. घसा इतका सुकला होता की जीभ टाळूला चिकटत होती. मी ओंजळ केली आणि म्हणाले, "मला प्यायला पायजे."

"थांब ना," कर्णधार मग बुडवत म्हणाली, "आमचं हुऊ दे आधी. पुरायचं न्हाई."

तिनं मगभर पाणी डोक्यावरून ओतून घेतलं. ते तिच्या वेणीवरून, कारखान्याच्या नावावरून, सलवारीवरून खाली आलं आणि मातीत जिरलं. वस्तीत त्या दिवशी घागरीच्या तळाशी हात घालून पाणी काढत होते. माझी आई त्यासाठी तासनतास बसत होती. आणि ही बया मला धुऊन काढत होती. माझ्याच पायांनी जिंकलेली ढाल टेम्पोत नीट पोत्यावर ठेवून मला धुऊन काढत होती.

मी चालत कॅनपाशी गेले. रांगेतल्या पोरी आपसूक बाजूला सरल्या, तीही सवयच. मी बाही वर केली आणि उजवा हात कोपरापर्यंत कॅनमध्ये बुडवला. आत तळवा हलवला, चांगला खळबळून. मग ओंजळ भरली आणि प्याले. पुन्हा भरली, पुन्हा प्याले.

मग ड्रायव्हर ओरडला, "ए, उद्या ह्यात दूध भरायचंय!" एक पोरगी रडायला लागली, आता घरी कशी जाऊ म्हणून. शेजारच्या चौकोनातली, सीताफळवाली, कॅनकडं बघत होती. तिलाही तहान लागली होती, ओठ पांढरे पडले होते. वाटलं, ही घेईल. डोंगरात घेते, इथंही घेईल. तिनं मान फिरवली.

कॅनमध्ये हात घातल्याचं मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. कधीतरी पश्चात्ताप होईल असं मला अनेकांनी सांगितलं. अजून झाला नाही.

गावात बोभाटा झाला नाही. कारण माझी तक्रार करायची तर आपण हिला शिवलो हेही घरी सांगावं लागलं असतं. सात पोरी कोरड्या अंगानं आपापल्या घरात शिरल्या. कुणाच्या आज्जीला फेफरं आलं नाही, कुणाचे देव पळून गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं त्याच कॅनमधून दूध नेलं. त्यानंही तोंड उघडलं नाही, कारण कॅन डेअरीचा आणि डेअरी, नावाला सहकारी, चेअरमनच्या भावाची.

सोमवारी सराव सुरू झाला, जिल्ह्याचा. मैदानाच्या कडेला पारावर म्हातारी माणसं बसलेली, भिंतीवर पोरं. मी माझ्या चौकोनात बसले. कर्णधार मागून आली. "खो!"

पाठीला काही लागलं नाही. मी उठले नाही.

पायांना सवय होती, ते सुटायलाच निघाले होते. मी दोन्ही हात मातीत रोवून स्वतःला खाली धरून ठेवलं.

"खो! उठ ना गं!"

"हात लागला न्हाई."

सरांची शिट्टी वाजली. "काय नाटक लावलंय?"

"सर, फाऊल हाय. पंचानं सांगितलं तसंच सांगते."

"इथं पंच मी हाय!" सर जवळ आले. पारावरची माणसं माना उंचावून बघायला लागली होती. सरांनी आवाज खाली आणला. "हे बघ, उठायचं नसंल तर घरी जा. उद्यापासून येऊ नको. तुझ्या बापाला मी सांगतो, घिऊन जा म्हणून."

दसरा तोंडावर आला होता. आईनं जर्मनची भांडी पोत्यात बांधून ठेवली होती, पोत्याच्या वर कोयते. मला सगळं दिसत होतं. उसाची पानं हाताला कशी कापतात तेही मला माहीत होतं. उठायला एक क्षण पुरला असता. एवढे दिवस उठत होतेच की.

मी बसून राहिले.

"खो!" कर्णधार माझ्या मागून ओरडली. "खो! खो!" तिचा आवाज फाटला. माझ्याविना जिल्ह्याला काय होणार, ते सरांपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. पारावर तिचा चुलता बसलेला, भिंतीवर गावातली पोरं, आणि मी दगडासारखी बसलेली. "उठ, मांगटे!" ती किंचाळली आणि तिनं माझ्या पाठीत गुद्दा घातला.

दोन्ही खांद्यांच्या मधोमध. माझा श्वासच अडकला, डोळ्यांपुढं काजवे चमकले. मैदानावर सगळ्या जागच्या जागी थांबल्या. मागं वळून पाहिलं तर ती आपली मूठ छातीशी धरून उभी होती, स्वतःच घाबरलेली, पारावरच्या माणसांकडं बघत.

"'खो' म्हण," मी म्हणाले.

तिनं मूठ खाली घेतली. मग हळू, जवळजवळ रडत म्हणाली, "खो."

मी उठले आणि पळतीच्या मागं धावले.